मन्रोंची यादी: माथ्यापासून ऐंशी मीटरवरून परतले, तर शिखर 'झालं' म्हणायचं का?

पाऊलखुणा | २ मे, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. इथे भटकंतीचे धागे नेहमी वाचते, आज पहिल्यांदा स्वतः काढतेय.

स्कॉटलंडमध्ये येऊन मला सहा वर्षं झाली. इथे तीन हजार फुटांहून, म्हणजे ९१४.४ मीटरहून उंच डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. ह्यू मन्रो यांनी १८९१ साली अशा डोंगरांची पहिली यादी छापली, तेव्हापासूनचं हे नाव. आज यादीत २८२ शिखरं आहेत. ती सगळी पायाखाली घालायची, असं मी चार वर्षांपूर्वी बेन लोमंडच्या माथ्यावर ठरवलं. आतापर्यंत ६१ झाली. किंवा ६०. प्रश्न तोच आहे.

एप्रिलच्या मध्यात मी आणि एक मैत्रीण ब्रेरियाखला गेलो. १२९६ मीटर, ब्रिटनमधलं तिसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर. वर भरपूर बर्फ होता. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दाते) आणि आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) दोघींकडे होते, दोघींना वापरता येतात. दुपारी एकच्या सुमारास पठारावर पोचलो आणि दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं. खाली बर्फ पांढरा, वर ढग पांढरा, मधली रेघच नाहीशी. पुढे टाकलेला पाय चढावर पडतोय की उतारावर, तेही कळेना. ब्रेरियाखचा माथा थेट कड्याच्या काठावर आहे आणि त्या काठाला वाऱ्याने बर्फाचा छज्जा धरतो, म्हणजे कॉर्निस. वरून तो जमिनीसारखाच दिसतो, खाली मात्र हवा असते. जीपीएस यंत्र माथा ८० मीटरवर दाखवत होतं. आम्ही उभं राहून पाच मिनिटं बोललो आणि परतलो.

मैत्रिणीने तिच्या वहीत ब्रेरियाखवर खूण केली. म्हणते, उंचीने पाच मीटरही उरले नव्हते, चढ सगळा झाला होता. माझा हात काही खूण करायला उचलत नाही. तुम्ही काय केलं असतं?

कातळवाट | २ मे, रात्री ९:४०

परतलात हे सगळ्यात छान केलंत. पण ताई, शिखर झालं नाही. परत जा.

ढगांचा_गाव | २ मे, रात्री १०:०५

ऐंशी मीटर म्हणजे सपाटीवर मिनिटभराची चाल. माझ्या मते झालं. तुम्ही तिथे दगडाला हात लावायला गेला होतात की डोंगर चढायला?

निवांत | २ मे, रात्री १०:५०

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सगळे मन्रो पहिल्यांदा पूर्ण केले ते रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी, १९०१ साली. शेवटचं शिखर ग्लेन कोमधल्या अनाख एगाख धारेवरचं. पण पुढे त्यांच्या नोंदी तपासताना अभ्यासकांना बेन विव्हिसपाशी ठेच लागली. पावसामुळे तिथून परतल्याची नोंद सापडते, नंतर पुन्हा गेल्याची सापडत नाही. ते गेलेही असतील, लिहायचं राहिलं असेल. पण तेवढ्यावरून आजही लोक म्हणतात की पहिला मान खरं तर १९२३ साली पूर्ण करणाऱ्या रोनाल्ड बर्न यांचा.

आणि ज्यांच्या नावाची यादी, त्या मन्रोंची स्वतःचीच पूर्ण झाली नाही. १९१९ साली ते गेले तेव्हा मोजकी शिखरं उरली होती. त्यांतला एक होता स्काय बेटावरचा तो प्रसिद्ध सुळका, इनॅक्सेसिबल पिनॅकल.

पाऊलखुणा, तुम्ही रॉबर्टसन यांच्याच वाटेवर आहात. फरक एवढाच की तुम्ही स्वतःहून सांगताय.

शेवंती | ३ मे, सकाळी ७:३०

निवांतकाका, बेन विव्हिसची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद.

मोजपट्टी | ३ मे, सकाळी ८:१०

मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रातला, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. 'शिखर' ही डोंगराने ठरवलेली गोष्ट नाही, आपण ठरवलेली आहे. २००९ साली स्गूर नान क्यानिखन हा डोंगर नव्याने मोजला. भरला ९१३.४३ मीटर. यादीतून बाहेर. २०१२ साली बेन अ ख्लायव बाहेर गेला, त्याची उंची भरली ९१३.९६. म्हणजे ४४ सेंटिमीटर कमी! आदल्या वर्षी चढलेल्यांचा मन्रो झाला आणि पुढच्या वर्षी तोच डोंगर चढणाऱ्यांचा नाही. डोंगर तोच, दम तेवढाच लागला.

आता अमेरिकेतल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगररांगेचं बघा. तिथे चार हजार फुटांवरच्या ४६ शिखरांची अशीच यादी आहे. नंतरच्या मोजणीत त्यांतली चार शिखरं चार हजारांखाली निघाली, तरी त्यांनी यादी बदलली नाही. पहिल्या चढणाऱ्यांनी जी ४६ चढली तीच ४६, असं त्यांचं म्हणणं. एकाच खेळाचे दोन नियम आणि दोन्ही मला पटतात. त्यामुळे ८० मीटरवरून मन खाऊ नका.

कातळवाट | ३ मे, सकाळी ९:०२

मोजपट्टीदादा, तुमचं सगळं बरोबर, पण ते उंची मोजण्याबद्दल झालं. यादीतला डोंगर कुठला हे माणसं ठरवतात, मान्य. त्या डोंगराचा सगळ्यात उंच दगड कुठला, हे मात्र डोंगरच ठरवतो.

सह्यवेडा | ३ मे, सकाळी ११:२५

एक भाबडा प्रश्न. ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस, तेही १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. ते आपण रात्री चढून सूर्योदय बघून नाश्त्याला खाली येतो. मग या डोंगरांचा एवढा दबदबा का? कमी लेखत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

उत्तरवारा | ३ मे, दुपारी १:४०

सह्यवेडा, हा प्रश्न मलाही इथे आल्यावर पडला होता. पहिल्याच हिवाळ्यात उत्तर मिळालं.

हा भाग ५७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात सात तासांच्या आतबाहेर उजेड असतो. सकाळी अंधारात निघून संध्याकाळी अंधारात परतायची तयारी हवी. जूनमध्ये उलट, रात्री दहालाही नकाशा वाचता येतो. अटलांटिकवरून येणारी वादळं अडवायला पश्चिमेला काहीही नाही. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी २७८ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं वेधशाळा होती, माणसं बारा महिने वर राहायची. त्यांच्या नोंदींप्रमाणे माथ्याचं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या जरा खालीच येतं.

शिवाय बेन नेव्हिसची वाट जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, त्यामुळे १३४५ मधले १३०० मीटर तुमच्या पायांनीच चढायचे. आणि कितीतरी मन्रोंवर वाट म्हणावी अशी वाटच नसते. पीटची, म्हणजे कुजलेल्या शेवाळ-गवताच्या मातीची दलदल, ओलं गवत, दगडांचा खच. मी सह्याद्रीत दहा वर्षं फिरलो होतो, तरी पहिल्या तीन मन्रोंनी गुडघे बोलायला लावले.

सह्यवेडा | ३ मे, दुपारी २:१५

वा, आता चित्र डोळ्यांसमोर आलं. वेधशाळेबद्दल अजून सांगा की.

उत्तरवारा | ३ मे, दुपारी ३:००

विषयांतर होतंय, पण ही गोष्ट सह्याद्रीवाल्यांना आवडेल. १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण काही आठवडे त्या वेधशाळेत कामाला होता. त्याला तिथे ढगांवर पडणाऱ्या सावलीभोवती रंगांची वर्तुळं दिसली. म्हणजे आपलं इंद्रवज्र, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसतं तेच! ते प्रयोगशाळेत करून बघावं म्हणून त्याने ढग तयार करायचं पात्र बनवलं. त्यातूनच मेघकक्ष, म्हणजे क्लाउड चेंबर निघालं, ज्यात अणूहून लहान कणांच्या वाटा डोळ्यांना दिसतात. १९२७ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं.

शेवंती | ३ मे, दुपारी ३:२०

अंगावर काटा आला हे वाचून. मी कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलंय, पण त्याचा धागा अणूपर्यंत जातो हे कधी ऐकलं नव्हतं.

दिंडीवाला | ३ मे, संध्याकाळी ६:४५

मूळ प्रश्नाकडे येतो, पण माझा अनुभव सांगून.

सात वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही चौघं बेन नेव्हिसवर होतो. माथ्यावर पोचलो, फोटो काढले, आणि धुकं उतरलं. परतीच्या वाटेच्या उजव्या हाताला उत्तरेचे कडे आहेत, त्यांतली गार्डीलू घळ वाटेला अगदी खेटून येते. डावीकडे फाइव्ह फिंगर घळ. दोन्हींमध्ये माणसं गेली आहेत. उतरायची दिशा मी आधी पाठ केली होती: माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. हे अंश नकाशाच्या जाळीचे आहेत, होकायंत्रासाठी चुंबकीय फरक धरावा लागतो. आमच्यातल्या एकाचा ठाम आग्रह होता की वाट 'सरळच' आहे, खाली उतार दिसतोय. तो जिकडे बोट दाखवत होता तिकडे गार्डीलू होती. मी दोरीने पावलं मोजायला लावली, दीडशे मीटर झाल्यावर दिशा बदलली आणि वीस मिनिटांनी दगडांची पहिली रास समोर आली. तेव्हा तो खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

ताई, माथा गाठलेल्या आम्हा चौघांपेक्षा न गाठलेल्या तुम्ही दोघींनी त्या दिवशी डोंगर जास्त नीट वाचला. तरी खूण करू नका. कारण ती खूण तुम्हाला दर वेळी वही उघडली की टोचेल.

ढगांचा_गाव | ३ मे, संध्याकाळी ७:१०

दिंडीवाला, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत डळमळलं. पण मग यादीच टाकून द्यावी असंही वाटतं. यादी आली की डोंगराचा हजेरीपट होतो. २८२ पैकी १९७ झाले, ८५ राहिले. वाटेतला ओढा, हरणं, लॉखवरचं, म्हणजे तळ्यावरचं ऊन, काही दिसत नाही. आणि तीच तीच शिखरं हजारो लोक तुडवतात, पीटमधल्या वाटा रुंदावून जखमेसारख्या दिसतात.

कातळवाट | ३ मे, रात्री ८:३०

झिजलेल्या वाटांबद्दल पूर्ण सहमत. म्हणून तर चिखलाच्या कडेने न जाता चिखलातूनच जायचं, म्हणजे वाट रुंद होत नाही.

हजेरीपटाबद्दल मात्र असहमत. यादी नसती तर मी दर सुट्टीला त्याच चार सुंदर डोंगरांवर गेलो असतो. नॉयडार्ट द्वीपकल्पात, जिथे ब्रिटनच्या रस्त्यांचं जाळं पोचतच नाही आणि बोटीने किंवा दोन दिवस चालून जावं लागतं, तिथे मला यादीनेच नेलं. मी तिथे एका बॉथीत राहिलो. बॉथी म्हणजे डोंगरातली साधी दगडी झोपडी, कुलूप नाही, भाडं नाही, स्वयंसेवक डागडुजी करतात. रात्रभर पाऊस आणि चुलीपाशी तीन अनोळखी माणसं. आयुष्यातल्या चांगल्या रात्रींपैकी एक. त्या डोंगराचं नाव यादीत नसतं तर माझ्या कानावरही आलं नसतं.

गूळपोळी | ३ मे, रात्री ८:५५

नावांवरून आठवलं. ही गेलिक नावं वाचायची कशी? माझी जीभ अडखळते.

निवांत | ३ मे, रात्री १०:२०

मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं. इंग्रजी बोलणाऱ्यांना 'लॉक' म्हणावं लागतं, आपल्याकडे 'ख' आहे, आपण 'लॉख'च्या बरेच जवळ जातो.

नावं समजून घेतली की अर्धा डोंगर घरबसल्या कळतो. 'स्गूर' म्हणजे टोकदार कातळमाथा, हात लावून चढायची तयारी ठेवा. 'म्याउल' म्हणजे गोलसर, बोडका डोंगर. 'कार्न' म्हणजे दगडांची रास, घोटे सांभाळा. 'ब्याल्लख' म्हणजे खिंड. 'अनाख एगाख' म्हणजे दातेरी धार आणि ती खरोखरच करवतीसारखी आहे. आणि माझा आवडता शब्द 'कोरी': डोंगराच्या कुशीतला हिमनदीने कोरलेला खोलगट भाग. मूळ अर्थ कढई! पाऊलखुणा, तुम्ही ज्या कड्याच्या काठावर होतात तो कोरी व्रोखन. व्रोखन म्हणजे पेज. पेजेची कढई. पांढऱ्या धुक्यात तुम्ही तिच्या काठावर उभ्या होतात, नाव किती अचूक आहे बघा.

पाऊलखुणा | ३ मे, रात्री १०:४५

निवांतकाका, आता ते नाव मी कधीच विसरणार नाही. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचतेय. दिंडीवाला दादा, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला नाही, एवढंच सांगते.

नवखा_पांथस्थ | ४ मे, सकाळी ६:५०

मलाही सुरुवात करायचीय. एका दिवसाला किती वेळ लागेल हे आधी कसं ठरवता? मागे एकदा अंधारात उतरायची वेळ आली होती.

मोजपट्टी | ४ मे, सकाळी ८:००

नेस्मिथचा नियम. १८९२ साली स्कॉटलंडमध्येच मांडला गेला. तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. १८ किलोमीटर आणि १००० मीटर चढ असेल तर ३ तास ३६ मिनिटं अधिक १ तास ४० मिनिटं, म्हणजे सव्वापाच तास. यात थांबणं, खाणं, बर्फ, दलदल काहीच धरलेलं नाही. मी त्यात सरळ निम्मी भर घालतो आणि आठ तासांचा दिवस समजतो. परतायची वेळ घरूनच ठरवून निघतो. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी वळतो.

उत्तरवारा | ४ मे, सकाळी ९:३५

भर घालतो: डोंगरांसाठीचा वेगळा हवामान अंदाज असतो, तोच बघा, शहराचा नको. हिवाळ्यात हिमस्खलनाचा अंदाजही रोज येतो. बचाव लागलाच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ती पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत. म्हणून त्यांना विनाकारण बाहेर काढायची वेळ आपण आणू नये. उन्हाळ्यात गवतातून चाललात तर संध्याकाळी अंगावर गोचीड तपासा, लाइम रोग तिच्यातून होतो.

शेवंती | ४ मे, दुपारी १२:१०

तो इनॅक्सेसिबल पिनॅकल कोणी केलाय का? माझे २७९ झालेत आणि तो अजून बाकी आहे. दोन वेळा पायथ्याशी जाऊन आले.

कातळवाट | ४ मे, दुपारी १:२५

२७९!! शेवंतीताई, एवढा वेळ गप्प बसून आमचं ऐकत होतात? दंडवत.

मी केलाय. सगळ्या मन्रोंत दोर लागणारा हा एकच. पूर्वेची धार प्रस्तरारोहण म्हणून अवघड नाही, पकडी मोठ्या आहेत, पण धार अरुंद आणि दोन्ही बाजूंना नजर खाली खालीच जाते. चढून झालं की पलीकडच्या आखूड बाजूने रॅपलिंग करून उतरायचं. मी वाटाड्या घेतला होता आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तिथला गॅब्रो खडक हाताला धरून ठेवतो, पण होकायंत्राला भुलवतो, एवढं ध्यानात ठेवा. सकाळी लवकर जा, दुपारी रांग लागते.

गंमत म्हणजे १८९१ च्या यादीत हा सुळका स्वतंत्र डोंगर नव्हताच. शेजारचा, आठेक मीटरने बुटका स्गूर ज्यारेक धरला होता. १९२१ च्या सुधारित यादीत सुळक्याला मान मिळाला.

शेवंती | ४ मे, दुपारी ४:४०

धन्यवाद. घरी कोणाला बोलले नाही, पण इथे सांगते. मला उंचीची भीती वाटते. आधीपासून नव्हती, पंचेचाळिशीनंतर आली. शेजारच्या बुटक्या माथ्यावर उभं राहून मी त्या सुळक्याकडे तासभर बघितलं आणि खाली आले. मैत्रिणी म्हणाल्या, जुन्या यादीप्रमाणे तुझं झालंच की. पटलं नाही. म्हणून पाऊलखुणा, तुझा हात का उचलत नाही ते मला नीट कळतंय. आपण दुसऱ्या कोणाला हिशेब देत नसतो, तरी तो चुकलेला चालत नाही.

पाऊलखुणा | ४ मे, रात्री ९:००

शेवंतीताई, तुम्ही जाल तेव्हा सांगा. मी दोर धरायला नाही, पण पायथ्याशी थांबायला नक्की येईन. माझ्या वहीत ब्रेरियाखवर खूण नाही करणार. ६०.

पाऊलखुणा | २४ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. काल ब्रेरियाखला जाऊन आले.

शुगर बोलच्या वाहनतळावरून निघालो, शलमेन गॅपच्या दगडांतून, लारिग ग्रू ही खिंड ओलांडून स्रोन ना लारिगच्या धारेवर. तीच वाट, तीच मैत्रीण. आकाश स्वच्छ होतं. माथ्यावर जायच्या आधी मुद्दाम एप्रिलची नोंद यंत्रावर उघडली आणि आम्ही परत फिरलो होतो ती जागा शोधली. यंत्र दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं हे मोजपट्टीदादा सांगतीलच, ते धरूनही सांगते: ती जागा कड्याच्या कातळापासून आठ पावलांवर आहे. काठ सरळ नाही. आमच्या पुढच्या ऐंशी मीटरांत कढईची एक खाच आत आलेली आहे. एप्रिलमध्ये यंत्रावरची सरळ रेघ धरून आम्ही माथ्याकडे निघालो असतो, तर ती रेघ त्या खाचेवरून गेली असती. मैत्रीण तिथे बसून राहिली. मग तिने वही काढली, एप्रिलची तारीख खोडली आणि मला म्हणाली, चल.

माथ्यावर अर्धा तास होतो. नंतर डी नदीचा उगम बघायला पठारावर पलीकडे गेलो. बाराशे मीटरवर, मऊ हिरव्या शेवाळातून पाणी नुसतं उमलल्यासारखं वर येतं. ओंजळीने प्यायलो. आता माझी ६६ आहेत, मधल्या काळात पाच झाली.

दिंडीवाला | २४ ऑगस्ट, रात्री १०:५०

आठ पावलं. वाचून थोडा वेळ शांत बसलो.

शेवंती | २५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

अभिनंदन गं. मी १२ सप्टेंबरसाठी वाटाड्याशी बोललेय. येणार म्हणाली होतीस ना?

पाऊलखुणा | २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आदल्या रात्रीच स्कायला पोचते, ताई.